छोट्या मुलांबरोबर अंगावर घालायच्या कागदी वस्तू: कडं, मुकुट, कान आणि जाकीट

लहान मुलासाठी केलेला कागदी मुकुट बहुतेकदा पाच मिनिटांत कपाळावरून डोळ्यांवर घसरतो, नाहीतर डोक्यावर चढायच्या आधीच जोडाशी सुटतो. मग त्याच्यावर कितीही चांदण्या चिकटवलेल्या असोत, मूल तो परत हातात घेत नाही. दोष जवळपास दर वेळी दोनच ठिकाणी सापडतो: माप आणि जोड. ही दोन कामं मोठ्यांनी नीट केली की बाकीचं सगळं, म्हणजे फाडणं, फासणं, चिकटवणं, रेघोट्या मारणं, मुलावर खुशाल सोपवावं. खालच्या सगळ्या वस्तू दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आहेत आणि कामाच्या याच वाटणीवर बेतल्या आहेत.

कड्याचा अपवाद सोडला तर एक क्रम मात्र कधी मोडू नका: सजावट आधी, जोड नंतर. पट्टी टेबलावर सपाट पडलेली असते तोवरच मुलाला तिच्यावर काम करता येतं. एकदा ती गोल झाली की घरंगळते, कोणीतरी धरून ठेवावी लागते, आणि तुकडा दाबून बसवताना चेपते.

मुलाच्या हाताला काय जमतं

दीड वर्षाचं मूल कागद फाडतं, चुरगळतं आणि जाड खडू मुठीत धरून रेघोट्या ओढतं. दोन वर्षांच्या आसपास, स्टिकरचा एक कोपरा तुम्ही उचलून दिलात तर पुढचं सोलणं आणि लावणं त्याला जमतं. अडीच ते तीनच्या दरम्यान बरीच मुलं बोथट टोकाच्या कात्रीने एकेक कचका मारू लागतात. रेषेवरून कापणं अजून लांब असतं, ते मागूही नका. त्याऐवजी 6 सेंमी रुंद पट्टी द्या आणि तिच्या एका काठावर कचके मारू द्या. तुकडे सुटत नाहीत, झालर तयार होते, आणि ती मुकुटावर खरोखर शोभते.

बैठक पाच-दहा मिनिटांची धरा. त्यामुळे वस्तू एका दमात पुरी करायचा हट्ट नको. आज सजावट, रात्रभर वाळवण, उद्या जोडणी, असे दोन भाग केले तर दोन्ही दिवशी मूल ताजं असतं आणि गोंदही पक्का बसतो.

तोंडात जाणाऱ्या गोष्टींचा विचार आधी

तीन वर्षांखालच्या मुलाचा हात तोंडाकडे जाणारच. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती घशात अडकू शकते, ही घरच्या घरी करता येणारी सोपी चाचणी. म्हणून मणी, बटणं, टिकल्या, हलणारे प्लास्टिकचे डोळे यांना इथे जागा नाही. कागदाचे तुकडेही निदान 5 सेंमीचे ठेवा, कारण ओला झालेला छोटा तुकडा टाळूला चिकटून बसतो. स्टिकर मोठे घ्या. चमकी टाळाच: बोटांवरून ती थेट डोळ्यांत जाते.

दुसरी गोष्ट गळ्याची. दोरा, रिबन, इलास्टिक, लोकर यांचा गळ्याभोवती फास होईल अशी कोणतीही रचना करू नका. पदक करायचंच असेल तर ते कागदी टेपची उलटी गुंडाळी लावून कपड्यावर चिकटवा. टाचणी, सेफ्टी पिन आणि स्टेपलर हे तिन्ही या वयात बाद. स्टेपलची पिन वरून टेप लावून झाकली तरी ओढाताणीत निसटते आणि मग ती नेमकी जमिनीवर सापडते.

कागद निवडताना

कागदाचा जाडपणा जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. छपाईचा साधा कागद 70 ते 80 जीएसएम, चित्रकलेचा 120 ते 150, कार्डशीट 180 ते 220. डोक्याच्या पट्टीला 180 पुरेसा. 250 च्या पुढचा कागद गोल वळत नाही, त्याला कोपरे पडतात, आणि त्याची कापलेली कड कपाळाला बोचते.

क्रेप कागद दिसतो सुंदर, पण ओला झाला की रंग सोडतो. लाळेने ओठ आणि घामाने कपाळ रंगतं, आणि कपड्यावरचा डाग सहसा जात नाही. पतंगाच्या पातळ रंगीत कागदाचंही तेच. वर्तमानपत्राची शाई हातांना लागते, म्हणून ते टेबलावर अंथरायला ठेवा. बिलाच्या गुळगुळीत चिठ्ठ्यांवर रसायनाचा थर असतो, त्या मुलांच्या हातात देऊ नका.

कागदाला लाकडासारखी रेषा असते, आणि बहुतेक फसलेल्या मुकुटांचं मूळ तिथेच असतं. कागद कारखान्यात तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला झोपतात. त्या दिशेला समांतर घडी सहज पडते, आडवी घडी तडकते. ओळखायचं असं: कार्डशीट घडी न पाडता आधी लांबीच्या बाजूने आणि मग रुंदीच्या बाजूने हलकेच वाकवून बघा. ज्या तऱ्हेने वाकवताना हाताला कमी जोर लागतो, त्याच तऱ्हेने पट्टीला डोक्याभोवती वळू द्यायचं. ए-फोर आकाराच्या (21 × 29.7 सेंमी) पुष्कळ कागदांत तंतू लांबीला धरून असतात. अशा कार्डशीटमधून लांब पट्टी काढली तर ती डोक्याभोवती वळताना कुरकुरते. तेव्हा 21 सेंमीच्या आडव्या तीन पट्ट्या कापा आणि 2-2 सेंमी एकावर एक चढवून जोडा. 59 सेंमी लांबी मिळते, ती कोणत्याही लहान डोक्याला पुरते.

पट्ट्या आधीच लांबीत कापून ठेवल्या असतील तरी वाया जात नाहीत. पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवा, एका हाताच्या तळव्याने वरून हलका दाब द्या आणि दुसऱ्या हाताने तिचं टोक खाली ओढत पूर्ण पट्टी कडेवरून सरकवा. दोन-तीनदा ओढली की ताठर तंतू मोडतात आणि पट्टी आपणहून गोल होऊ लागते. जोराने ओढली तर मात्र वरचा रंगीत थर तडकतो.

गोंद आणि टेप

मुलाच्या हातात ग्लू स्टिक सगळ्यात सोयीची, पण ती तीनेक सेंमीच्या वर बाहेर काढून देऊ नका, मोडते. पांढरा गोंद वापरायचा तर बाटली तुमच्याकडे ठेवा आणि झाकणात वाटाण्याएवढा थेंब काढून द्या. जास्त गोंदाने कागद फुगून वाकडा होतो, कारण पाण्याने एका बाजूचे तंतू फुलतात आणि दुसऱ्या बाजूचे तसेच राहतात. असा कागद वाळत आला की दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवावा, पुष्कळसा सरळ होतो.

ज्या मुलाची बोटं सारखी तोंडात असतात त्याच्यासाठी घरची खळ उत्तम. सपाट 2 मोठे चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, एकूण पाणी 150 मिली होईल इतकं घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन ती अर्धपारदर्शक आणि दाट झाली की उतरवा, पूर्ण गार करून मग मुलाला द्या. कच्च्या पिठाची पेस्ट देऊ नका, कच्च्या पिठात जंतू असू शकतात. मुलाला गव्हाची ॲलर्जी असेल तर हीच खळ कॉर्नफ्लॉरची करा. फ्रिजमध्ये बंद डब्यात तीन दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्यावी.

जोडासाठी कागदी टेप, म्हणजे मास्किंग टेप. ती हाताने फाटते, तिची कड मऊ असते, आणि मुलाने ओढली तर ती सुटते. हा सुटणारा जोड हवाच आहे. पारदर्शक प्लास्टिक टेपची कापलेली कड धारदार असते आणि केसांत अडकली तर केस घेऊनच निघते.

सुरुवात कड्यापासून

दीड वर्षाच्या मुलाबरोबर पहिल्याच दिवशी जमणारी वस्तू हीच. या वयाचं मनगट साधारण 11 ते 13 सेंमी घेराचं असतं. 2.5 सेंमी रुंद कागदी टेपचा 17 ते 18 सेंमी तुकडा घ्या आणि चिकट बाजू बाहेर ठेवून मनगटाभोवती सैल गुंडाळा. आत तुमचं एक बोट सहज फिरलं पाहिजे. टोकं दोन सेंमी एकावर एक आली की ती आपोआप चिकटतात. आता मुलासमोर 5 सेंमीचे रंगीत कागदाचे तुकडे आणि मोठी वाळकी, स्वच्छ पानं ठेवा. जे चिकट बाजूला लागलं ते लागलं.

काही मुलांना हाताला चिकट लागणं सहन होत नाही, ती लगेच हात झटकतात. तेव्हा तीच टेप चिकट बाजू वर करून टेबलावर पसरवा, तिची दोन टोकं टेपच्याच छोट्या तुकड्यांनी टेबलाला डकवा, सजावट तिथे होऊ द्या आणि मग मनगटावर चढवा. काढताना कडं ओढून हातातून सरकवू नका, बोथट टोकाच्या कात्रीने कापा. चढवताना सैल असलेलं कडं हालचालीत वर सरकून हाताच्या जाड भागावर घट्ट बसतं, म्हणून अधूनमधून नजर टाका.

मुकुट

माप हे निम्मं काम आहे. डोक्याचा घेर एका वर्षाला साधारण 46, दोन वर्षांना 48 आणि तीन वर्षांना 49 ते 50 सेंमी असतो, पण मुलामुलांत फरक पडतो आणि दाट केस एखाद-दुसरा सेंमी वाढवतात. म्हणून मापून घ्या. मापाची टेप शोधत बसू नका: कागदाची एक लांब पट्टी भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याच्या फुगीर भागावरून फिरवा, जिथे टोक येतं तिथे पेन्सिलने खूण करा. मूल खिडकीबाहेर किंवा चित्राकडे बघत असताना हे काम दहा सेकंदांत होतं. धरून बसवलंत तर होत नाही.

साध्या छपाईच्या कागदातूनही मजबूत पट्टी निघते आणि तिची कड कार्डशीटपेक्षा मऊ असते. कृती अशी:

1. एक ए-फोर कागद लांबीत बरोबर मध्ये कापा. 10.5 × 29.7 सेंमीचे दोन भाग मिळतात.
2. प्रत्येक भाग लांबीत तीन समान पदरांत दुमडा, पत्र दुमडतात तसा. 3.5 सेंमी रुंदीची तिपेडी पट्टी होते, कापलेली एक कड आत आणि दुसरी मागे जाते.
3. दोन्ही पट्ट्या 2 सेंमी एकावर एक चढवून चिकटवा. लांबी 57.4 सेंमी होते.
4. घेर 49 असेल तर त्यात सैलपणासाठी 1 आणि दोन्ही टोकांच्या शेपट्यांसाठी (जोडाच्या चिरेपलीकडे बाहेर राहणारा भाग) 2-2 मिळवा: 54 सेंमी. जास्तीचा भाग दोन्ही टोकांकडून सारखा कापा म्हणजे मधला जोड बरोबर समोर, मुकुटाच्या मुख्य उभ्या पाकळीमागे लपतो.
5. पाकळ्या 180 जीएसएमच्या कागदातून कापा, 6 सेंमी उंच अधिक आत खोचायला 2 सेंमी. टोकं गोल ठेवा. टोकदार मुकुट घालून मूल पडलं किंवा दुसऱ्याला बिलगलं तर टोक डोळ्याशी येतं.
6. पट्टी आणि पाकळ्या सुट्ट्याच मुलाला द्या. रंगकाम, स्टिकर, झालर, सगळं या टप्प्यावर.
7. वाळल्यावर पाकळ्या पट्टीच्या घडीत खोचून चिकटवा. पाच पुरेत, त्याही पुढच्या अर्ध्या भागात. मागे लावलेली पाकळी मूल टेकून बसताच दुमडते आणि मुकुट पुढे ढकलला जातो.
8. पट्टी टेबलाच्या कडेवरून ओढून गोलाई द्या.

आता जोड. एका टोकापासून 2 सेंमीवर वरच्या काठाकडून अर्ध्या रुंदीपर्यंत चीर द्या, दुसऱ्या टोकाला तितक्याच अंतरावर खालच्या काठाकडून. चीर अर्ध्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त खोल हवी, नाहीतर दोन्ही काठ एका रेषेत बसत नाहीत. चिरा एकमेकींत अडकवा, शेपट्या बाहेर राहू द्या, त्यांची टोकं गोल कापा. हा जोड ओढला की सुटतो, परत लावता येतो, आणि आतून केसांना काही लागत नाही. एका टोकाला 1 सेंमीच्या अंतराने तीन चिरा दिल्या तर तोच मुकुट लहान-मोठ्या भावंडांना बसतो. सारखा सुटत असेल तर बाहेरून कागदी टेपचा एक तुकडा लावा, एकच.

मुकुट डोळ्यांवर येतोय तर घेर एक सेंमीने कमी करा. वर सरकून पडतोय तर उलट समजा: तो घट्ट आहे, आणि डोकं वर निमुळतं असल्याने पट्टी वर ढकलली जाते. अशा वेळी लोक आणखी घट्ट करतात आणि कपाळावर लाल रेघ उमटते. सैल करा.

कानांचा पट्टा

मुकुटाचीच पट्टी, पाकळ्यांऐवजी दोन कान. कार्डशीट दुमडून दोन्ही कान एकदम कापा म्हणजे सारखे येतात. उंची 8 सेंमीच्या आत ठेवा, त्यापुढे ते लोळतात. कान ताठ उभा राहण्याची खुबी बुडाशी आहे: खालून मधोमध 2 सेंमीची चीर द्या, चिरेच्या दोन्ही बाजू सेंटिमीटरभर एकावर एक सरकवून चिकटवा. सपाट कागदाला खोलगट बाक येतो आणि तो बाकच त्याला उभं धरतो. पट्टीवर दोन कानांमध्ये 8 ते 9 सेंमी अंतर ठेवा. ससा हवा असेल तर लांब कान उभे करण्याच्या फंदात पडू नका, मधून दुमडून खाली लोंबते करा.

तोंड झाकणारा मुखवटा या वयाला देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. डोळ्यांची छिद्रं सरकतात, मूल आंधळं चालतं आणि घाबरतं. प्राण्याचा चेहराच हवा असेल तर तो 12 सेंमीचा गोल कापून याच पट्टीवर कपाळाच्या वर लावा. समोरच्याला वाघ दिसतो आणि मुलाला वाट दिसते.

मोठ्या कागदी पिशवीचं जाकीट

खाकी कागदाची पिशवी निदान 30 सेंमी रुंद, 15 सेंमी खोल आणि 40 सेंमी उंच हवी. दांड्या असतील तर काढून टाका. पिशवी उलटी उभी करा, तळ वर. पुढच्या बाजूच्या बरोबर मधून, खालच्या तोंडापासून वर तळापर्यंत सरळ चीर द्या आणि तशीच तळात नेऊन 12 सेंमी व्यासाचा गोल कापा. चीर गोलाला मिळालीच पाहिजे, म्हणजे गळ्याभोवती बंद कडं राहत नाही. दोन्ही बाजूंच्या अरुंद भागांत, वरच्या घडीपासून 4 सेंमी खाली, 12 सेंमी उंच आणि 9 सेंमी रुंद लंबगोल कापा, ही हात घालायची जागा. तळाचा कागद दुपेडी आणि गोंदाने जाड असतो, तिथे मोठी कात्री लागते. ते काम मूल आसपास नसताना उरका.

या अवस्थेत जाकीट खोक्यासारखं ताठ असतं आणि बगलेत टोचतं. इथे मुलाचं खरं काम येतं. पिशवी त्याच्या हवाली करा आणि चुरगळायला सांगा: गोळा करायचा, दाबायचा, उलगडायचा, परत गोळा. पहिल्यांदा कागद कडकड वाजतो, चौथ्या-पाचव्यांदा आवाज मऊ होतो, आणि आठ-दहा वेळा झाल्यावर तो जुन्या धुतलेल्या कापडासारखा अंगावर पडतो. घड्यांच्या जागी चुरगळताना फाटतं, म्हणून कापलेल्या सगळ्या कडांना आधीच कागदी टेप अर्धी आत, अर्धी बाहेर दुमडून लावा. बगलेच्या खालच्या टोकाला दुहेरी, पहिली फाट तिथूनच सुरू होते.

सजावट जाकीट उलगडून जमिनीवर पसरून करा. जाड मेणाचे खडू चुरगळलेल्या कागदावर फार छान चालतात: रंग उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत खाकी राहतो. पाणीदार रंग टाळा, मऊ झालेला कागद पाणी लगेच पितो आणि भिजलेल्या जागी लगदा होतो. पुढे बंद, बटणं काही नको, उघडंच राहू द्या. घालताना एक हात, मग पाठीमागून फिरवून दुसरा हात, कपड्याच्या जाकिटासारखंच. डोक्यावरून चढवू नका.

मूल घालायलाच तयार नसेल तर

बऱ्याच मुलांना डोक्यावर काही नको असतं. त्यात वस्तूचा दोष नाही. मुकुट आधी बाहुलीला घाला, मग स्वतःच्या डोक्यावर ठेवा, जवळपास आरसा ठेवा. हातात घेऊन फिरलं तरी पुरे. दोनदा नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा घालू नका, दुसऱ्या दिवशी बहुतेक मुलं आपणहून उचलतात.

घसरगुंडी, झोका, गाडीतली सीट आणि झोप, या चारही वेळी सगळं काढून ठेवा. पट्ट्या सपाट ठेवायच्या असतील तर जोड सोडवून वहीत घाला, जाकीट हँगरला लावा. फाटलेल्या जागी टेप आतून लावावी, बाहेरून लावलेली मूल सोलत बसतं. लाळेने मऊ झालेली कड मात्र दुरुस्त करू नका. तेवढा भाग कापून नवी पट्टी जोडा, आणि कडं असेल तर सरळ नवं करा, दोन मिनिटांचं काम आहे.